गोळाबेरजेचे मोल

चिखलीहून पिंपरी काही लांब नाही. तिथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पेनिसिलिनबरोबर तिने एक संशोधनपत्रिकाही काढली. त्या पत्रिकेच्या १९८५ च्या खंडात सुधाकरन आणि बोरकर यांचा पन्नासहून अधिक पानांचा आढावा-लेख आहे. त्याच्या शीर्षकातच ‘गोळाबेरीज’ या अर्थाचे शब्द आहेत. विषय जिवाणूंमधल्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा. पेनिसिलिनचा रेणू नेमक्या जागी तोडणारे विकर मिळाले, की उरलेल्या गाभ्यापासून अ‍ॅम्पिसिलिनसारखी औषधे करता येतात.

अशी विकरे कोणकोणत्या जिवाणूंत सापडतात, हे सांगणारे निबंध जगभर विखुरलेले होते. ते एकत्र मांडले नाहीत, तर झालेलेच प्रयोग पुन्हा होतात, पैसा जातो आणि औषध लांबते.

खळ्यावर रास पडल्याशिवाय पीक किती आले ते कळत नाही. पण रास उफणावीही लागते. आढावा घेणाऱ्याने कच्चा पुरावा भुसासारखा बाजूला काढायचा असतो. शोधाचा मान त्याला मिळत नाही. मागून येणाऱ्याला वाट मात्र त्याच्यामुळेच दिसते.