सर्वांत लहान रात्र आणि तिच्यावर हक्क सांगणारे

१/८
२३ जूनच्या संध्याकाळी एस्टोनियात अंधार जवळजवळ पडतच नाही. राजधानी टालिनमध्ये या दिवसांत सूर्य १८ तासांहून अधिक काळ आकाशात असतो. मावळल्यावरही क्षितिजावरची फिकट आभा जात नाही. त्या उजेडात गावोगावी होळ्या पेटतात. ही ‘यानिपाएव’ची, म्हणजे संत योहानाच्या दिवसाची पूर्वसंध्या.

२/८
नाव ख्रिस्ती असले, तरी सणाचे वेळापत्रक शेतकऱ्याचे आहे. वसंतातील पेरणी आटोपलेली आणि गवताची कापणी सुरू व्हायची, अशा मधल्या विसाव्यात तो येतो. जाळ जितका उंच, तितकी अनिष्ट शक्ती दूर आणि पीक चांगले, अशी जुनी श्रद्धा. पश्चिमेकडील बेटांवर मोडक्या नावाही या होळीत जाळल्या जात.

३/८
तेराव्या शतकात धर्मयुद्धांच्या तलवारीमागून ख्रिस्ती धर्म येथे आला आणि या उत्सवावर संताचे नाव चढले. आशय मात्र सहजासहजी बदलला नाही. टालिनचा धर्मोपदेशक बाल्थासार रुस्सोव याने १५७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बखरीत तक्रार नोंदवली आहे, की लोकांना प्रार्थनेपेक्षा आगीभोवतीच्या नाचगाण्यात अधिक रस आहे.

४/८
पुढचा हक्क राष्ट्राचा. स्वातंत्र्ययुद्धात २३ जून १९१९ रोजी एस्टोनियन सैन्याने लाटवियन तुकडीसह आजच्या लाटवियातील सेसिस येथे ‘लांडेसवेअर’ या बाल्टिक जर्मन सेनेचा पराभव केला. ज्या जर्मन जमीनदारवर्गाने शतकानुशतके येथील शेतकऱ्यांवर सत्ता गाजवली, त्याच वर्गाची ही सेना होती. म्हणूनच या विजयाचे मोल केवळ लष्करी नव्हते.

५/८
१९३४ पासून २३ जून ‘विजय दिन’ म्हणून साजरा होऊ लागला. शेतकऱ्याच्या होळीला आता प्रजासत्ताकाचा अर्थही जोडला गेला.

६/८
जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने देश व्यापला. विजय दिन गेला, निळा-काळा-पांढरा राष्ट्रध्वजही निषिद्ध ठरला. होळ्या मात्र पेटत राहिल्या. ज्या युद्धाचा उल्लेख जाहीरपणे करता येत नव्हता, त्याच्या तारखेला लोक दरवर्षी आगीभोवती जमत होते. बाहेरून पाहणाऱ्याला तो निव्वळ ऋतूचा सण होता; स्मृतीला तेवढा आडोसा पुरेसा ठरला.

७/८
ऑगस्ट १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळाले आणि विजय दिनही परतला. आज २३ जूनच्या सकाळी राष्ट्राध्यक्ष विजयज्योत प्रज्वलित करतात. ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली जाते आणि संध्याकाळच्या होळ्या तिच्यावरून पेटवल्या जातात.

८/८
चर्चने या रात्रीला नाव दिले, प्रजासत्ताकाने विजय दिला, परकीय सत्तेने तो काढून घेतला. या साऱ्यांत टिकली ती गावकऱ्यांनी रचलेली लाकडे. एरवी सूर्यास्ताला उतरवला जाणारा एस्टोनियाचा ध्वज वर्षातील या एका रात्री, कायद्यानेच, उतरवला जात नाही.