ध्वनिक्षेपकाचा कर्णा : संग्राह्य वस्तू आणि ऐतिहासिक साधन

जुन्या ध्वनिक्षेपकांचा संग्रह हा सामान्यतः सधनांचा छंद समजला जातो. १९७० नंतरच्या काळात अमेरिकेतील चित्रगृहांतून उतरविलेल्या ‘वेस्टर्न इलेक्ट्रिक’ कंपनीच्या कर्ण्यांना जपानमधील संग्राहकांनी मोठी किंमत दिली, आणि तेव्हापासून या क्षेत्रात दुर्मिळता हेच मूल्याचे माप होऊन बसले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे माप उपयोगाचे नाही. जी वस्तू हजारोंनी निघाली, उन्हापावसात वापरली गेली आणि शेवटी मोडीत गेली, तिची साक्ष त्याला अधिक मोलाची वाटली पाहिजे. खेड्यातील जत्रेच्या मंडपावर किंवा झाडाच्या फांदीवर बांधलेला पत्र्याचा कर्णा ही अशीच एक वस्तू होय. लोकांनी त्याला ‘भोंगा’ हे नाव दिले, आणि ते ‘ध्वनिक्षेपक’ या पारिभाषिक शब्दापेक्षा अधिक रुजले.

ध्वनिक्षेपकाचे मूळ तत्त्व जुने आहे. चुंबकक्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचे एकस्व ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये घेतले होते. परंतु क्षीण विद्युत्‌लहरींचे वर्धन करणारी निर्वात नळी उपलब्ध होईपर्यंत त्याचा व्यवहारात फारसा उपयोग नव्हता. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात ‘मॅग्नाव्हॉक्स’ सिद्ध केला आणि सप्टेंबर १९१९ मध्ये सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण त्यातून विराट जनसमुदायाला ऐकविण्यात आले. पुढे १९२५ मध्ये राइस व केलॉग यांनी कागदी शंकूच्या ध्वनिक्षेपकाची मीमांसा प्रसिद्ध केली, तर १९२६ मध्ये वेंट व थुरास यांचा ‘५५५’ हा कर्ण्यासाठीचा चालक बोलपटाबरोबर चित्रगृहांत आला.

येथून दोन परंपरा वेगळ्या झाल्या, आणि त्यांच्यातील भेद मुळात शक्तीच्या काटकसरीचा आहे. उघडा शंकू विद्युत्‌शक्तीच्या शेकडा एकाच्या आसपासच अंश ध्वनीत रूपांतरित करतो. कर्णा हा हलत्या पटलाचा हवेशी क्रमाक्रमाने मेळ घालणारा दुवा असल्यामुळे त्याच्या बाबतीत हे प्रमाण अनेक पटींनी वाढते. मात्र खर्जातील स्वर उमटविण्यासाठी कर्ण्याचे मुख फार विशाल लागते. शंभर कंपनांच्या स्वराची तरंगलांबी साडेतीन मीटरांच्या घरात असते. चित्रगृहाला असा कर्णा पडद्यामागे ठेवता आला. बैलगाडीतून न्यायचा कर्णा लहानच हवा; म्हणून त्यात मानवी वाणी स्पष्ट उमटे, पण पखवाजाची धुमी हरवे. गावोगावी कीर्तन, भाषण आणि तबकडीवरील गाणे एकाच कर्कश साच्यातून ऐकले गेले, त्याचे कारण कारागिरांच्या अनास्थेत नव्हे, या भूमितीत शोधले पाहिजे.

कर्जत आणि खालापूर हे तालुके या प्रश्नाला वेगळेच परिमाण देतात. तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या या अंतर्भागात, घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली आणून टाटांनी खोपोली येथे १९१५ मध्ये, आणि भिवपुरी येथे १९२२ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली. म्हणजे १९३१ च्या ‘आलम आरा’पूर्वी सोळा वर्षे येथे वीज निर्माण होत होती. पण या योजनांचे लक्ष्य मुंबईच्या गिरण्या होत्या, तारांखालची खेडी नव्हेत. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने याच वाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटील मारले गेले. सत्तेचा मर्मभाग कोठे आहे, याची जाण त्या निवडीत दिसते.

जेथे वीज डोक्यावरून जाते आणि घरात येत नाही, तेथे ध्वनिक्षेपक संचायक घटांवर चालवावा लागतो. आरंभीच्या अनेक ध्वनिक्षेपकांतील चुंबक हा विद्युत्‌चुंबक होता; त्याच्या वेटोळ्याला अखंड एकदिश प्रवाह द्यावा लागे, आणि घट आवाजाआधी चुंबकावरच खर्ची पडे. १९३१ मध्ये जपानच्या मिशिमा यांनी लोह, निकेल व ॲल्युमिनियम यांचे प्रभावी चुंबकीय मिश्रण शोधले. त्यातून विकसित झालेल्या स्थायी चुंबकांनी ही अडचण दूर केली. संग्राहकांच्या बाजारात विद्युत्‌चुंबकी ध्वनिक्षेपक अधिक प्रतिष्ठित आहेत. ग्रामीण श्रवणाच्या इतिहासात खरी क्रांती मात्र स्थायी चुंबकाची आहे. कर्णा टिकून राहिला तो मागासलेपणामुळे नव्हे. थोड्या शक्तीत दूरवर ऐकू जाण्याचा दुसरा स्वस्त मार्ग नव्हता.

भारतीय बाजूची साधने विरळ आहेत. मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपण यंत्रणा पुरविली, १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात ते आरोपी होते आणि १९४३ मध्ये निर्दोष सुटले. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्याची पाहणी पॉल न्यूरथ यांनी केली, परंतु तिचा विषय श्रोते हा होता, यंत्र नव्हे.

यंत्राची नोंद म्हणून वस्तूवरच विसंबावे लागते, आणि संग्राहकाचा ‘जीर्णोद्धार’ नेमकी तीच पुसतो. तो नवे पटल बसवितो, गंज घासून चकचकीत रंग देतो, कर्ण्याला वर्धकापासून वेगळा करून विकतो. भंगारवाला तर चुंबक तेवढा काढून घेतो. कर्ण्याच्या कडेवर हाताने रंगविलेले मंडपवाल्याचे नाव आणि गाव, जोडणीची दुरुस्त केलेली टोके, पटलाला चिकटविलेला ठिगळाचा कागद, रोहित्रावरील ओहमचा आकडा : एवढ्यावरून कर्णा कोणत्या गावाहून कोणत्या गावी भाड्याने जात होता, किती तारेवर व कशा वर्धकाला जोडला जात होता, याचा बराच अदमास बांधता येतो. कर्जत व खालापूरच्या मंडपवाल्यांच्या कोठारांत असे कर्णे आढळल्यास ते घासण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि रंगाच्या सर्वांत खालच्या थरावरील अक्षरेही उतरवून घ्यावीत.