गावाचं संशोधन गावाला कधी मिळणार?

जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तर ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. डिसेंबर १९९९ मध्ये तिथेच दुसरा निबंध आला. प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि ३९ गावांतला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी उतरला.

दोन्ही निबंधांची दखल जगाने घेतली. पण ते होते इंग्रजीत, वर्गणीच्या नियतकालिकात. ज्यांच्या शरीरांची ती आकडेवारी, त्यांना ती वाचायची सोय नव्हती.

वाचता आलं की काय होतं, तेही याच जिल्ह्याने दाखवलं. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंचा अहवाल मराठीत आला. त्यावर वर्तमानपत्रांत बोललं गेलं आणि सरकारला समिती नेमावी लागली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर अभ्यासगट चालवले. आधी माहिती, मग ग्रामसभेत निर्णय. २००९ मध्ये या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. कुणीतरी उघड्यावर ठेवलेल्या कोडशिवाय माझा एक दिवसही निघणार नाही. संशोधनाला हाच न्याय का नको?

१ जानेवारी २०२५ पासून 'एक देश, एक वर्गणी' योजनेत सरकारी विद्यापीठं-महाविद्यालयांना हजारो नियतकालिकं खुली झाली. चांगलंच झालं. पण आशाताई, ग्रामसभा, तालुक्याचं वाचनालय अजून दाराबाहेरच आहेत.

ते दार ग्रंथपाल उघडू शकतात. बरेच प्रकाशक लेखकाला स्वीकृत हस्तलिखित विद्यापीठाच्या संग्रहात ठेवू देतात, कधी काही महिन्यांनी. प्राध्यापकांना याची आठवण करायची, प्रकाशकाचा नियम तपासायचा, फाइल चढवायची. पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर जातात की नाही ते पाहायचं. आणि सोबत एक पान मराठी सारांश जोडायचा. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. सुरुवात तिथून होऊ शकते.

'पुस्तकं वापरासाठी असतात', हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडला. ज्या गावाने रक्ताचे नमुने दिले, त्या गावाला निष्कर्ष देणं हे उपकार नाहीत. ती परतफेड आहे.