तांबड्याच्या पलीकडचे छायाचित्र

वर्गात वर्णपट शिकवताना आपण जांभळ्यापासून निघून तांबड्यापर्यंत येतो आणि तिथे थांबतो, कारण आपला डोळाही तिथेच थांबतो. त्या पलीकडच्या प्रदेशाची पहिली चाहूल एका खगोलशास्त्रज्ञाला लागली. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शल सूर्याच्या निरीक्षणासाठी रंगीत काचा वापरत. काही काचांतून उजेड कमी येतो, पण उष्णता मात्र जास्त जाणवते, हे त्यांच्या ध्यानात आले. १८०० साली त्यांनी लोलकाने पाडलेल्या वर्णपटाच्या एकेका रंगात तापमापी ठेवला आणि तुलनेसाठी दुसरे तापमापी वर्णपटाबाहेर ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना तापमान वाढत गेले. तांबड्याच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे ते सर्वांत जास्त वाढले. काचेचा लोलक त्या टोकाचे किरण दाटीने एकत्र आणतो, हेही त्यामागचे एक कारण होते. या किरणांना आपण आज अवरक्त म्हणतो.

किरण सापडले, पण त्यांचे चित्र कसे घ्यायचे? विल्यम यांचे पुत्र जॉन हर्शल यांनी १८४० साली काजळी लावलेला कागद अल्कोहोलने भिजवून त्यावर वर्णपट पाडला. अवरक्त किरण पडले तिथला भाग लवकर वाळला आणि त्यांचा ठसा दिसला. छायाचित्राच्या काचेवरील चांदीचे क्षार मात्र निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. १८७३ मध्ये जर्मनीत हेर्मान फोगेल यांना आढळले की, या क्षारांत योग्य रंजकद्रव्य मिसळले तर ते इतर रंगांनाही संवेदनशील होतात. १८८० साली इंग्लंडमध्ये विल्यम ॲबनी यांनी खास तयार केलेल्या लेपावर सौर वर्णपटाच्या अवरक्त भागाचे छायाचित्र घेतले.

आता वर्णपटाऐवजी निसर्गाकडे वळू या. १९१० साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी अवरक्तात घेतलेली निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत आकाश काळेभोर होते आणि झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी. झाडांच्या या शुभ्रतेला ‘वुड परिणाम’ म्हणतात. इंग्रजीत वुड म्हणजे लाकूड असले तरी हे नाव वुड यांच्यावरून पडले आहे, लाकडावरून नव्हे.

पाने पांढरी का दिसतात? हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषते, पण जवळचे अवरक्त किरण शोषत नाही. पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्या सीमांवर हे किरण पुन्हा पुन्हा विखुरले जातात आणि बरेचसे बाहेर परततात. आकाश काळे दिसते, कारण हवेतील रेणूंकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४०० नॅनोमीटरच्या तुलनेत ८०० नॅनोमीटरला ते सोळा पटींनी कमी भरते. हे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धात या गुणाचा उपयोग छद्मावरण ओळखण्यासाठी झाला. हिरवा रंग दिलेले कापड डोळ्याला पानांसारखे दिसे, पण अवरक्त फिल्मवर वेगळे उमटे. भारतात १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी आणि सहकाऱ्यांनी केरळातील नारळाच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली. मर रोगाने ग्रासलेली झाडे त्यांत निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता आली. पानाची आतली रचना ढासळली की परतणारे अवरक्त किरण कमी होतात, आणि हे अनेकदा पान पिवळे पडण्याआधीच घडते. भारतातील दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. १९८८ साली सोडलेल्या ‘आयआरएस-१ए’ उपग्रहावरही जवळच्या अवरक्तासाठी स्वतंत्र पट्टा होता.

आज फिल्मची गरज उरलेली नाही. डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदक सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण टिपतो. रंग बिघडू नयेत म्हणून त्याच्यापुढे अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते. जाणकार कारागिराकडून ती काढून तिच्या जागी ७२० नॅनोमीटरच्या पुढचे किरण सोडणारी काच बसवली, की जुना कॅमेरा अवरक्ताचा होतो. हे काम घरी करू नये. फ्लॅशच्या विद्युतधारित्रात धोकादायक भार साठलेला असतो. पहिली चित्रे भर उन्हात घ्यावीत, श्वेत-संतुलन हिरव्या गवतावर ठरवावे आणि छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवावे. भिंगातून अवरक्ताची प्रतिमा किंचित वेगळ्या अंतरावर पडते. लहान छिद्रामुळे हा फरक बराच झाकला जातो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा कॅमेरा उष्णता दाखवत नाही. ३७ अंश सेल्सिअस तापमानाचे शरीर सर्वाधिक प्रारण सुमारे ९.३ मायक्रोमीटरला देते. आपला संवेदक १.१ मायक्रोमीटरलाच थांबतो. ताप मोजायला वेगळ्या जातीचा संवेदक लागतो. आपल्या चित्रात दिसतात ते वस्तूंवरून परतलेले सूर्याचेच किरण.

कॅमेरा नसेल तर टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. अनेक मोबाईलमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, फिकट जांभळा ठिपका दिसतो. कॅमेरा असेल तर ताजे पान, वाळलेले पान आणि हिरवा रंग दिलेला पुठ्ठा शेजारी ठेवावेत. प्रत्येक वस्तू उजळ दिसेल की काळी, हे विद्यार्थ्यांनी आधी कारणासह वहीत लिहावे आणि मगच छायाचित्र घ्यावे.