किटलीचं पाणी

मराठीत हत्याराला पाणी देतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, छिन्नी, सगळ्यांनाच. तापून लाल झालेलं पातं सांडशीत धरून लोहार पाण्यात बुडवतो, चर्र आवाज होतो, आणि मघापर्यंत हातोड्याखाली वाकणारं पातं धार धरण्याइतकं कडक होतं. खुकुरी मात्र अशी बुडवत नाहीत. तिला किटलीनं पाणी पाजतात. किटली म्हणजे आपल्या लंगरात चहाची असते तीच, चोचवाली. लोहार एका हातात लालबुंद पातं धरतो आणि दुसऱ्या हातानं धारेवर पाण्याची बारीक धार सोडत जातो. खाचेपासून टोकापर्यंत, टोकापासून परत. काही सेकंदांचाच खेळ.

देहरादूनच्या पोस्टिंगमध्ये एका नेपाळी लोहाराच्या आरनात बसून मी हे पाहिलं. आरन म्हणजे नेपाळीत लोहारशाळा. आपण ऐरण म्हणतो ती नुसती ठोकायची बैठक, तिथे जवळजवळ तोच शब्द अख्ख्या दुकानाला लागतो. माझी पलटण गोरखा नाही, पण फौजेत राहून खुकुरीबद्दल कुतूहल नाही असा माणूस विरळा. त्यात मला घरी लोखंड ठोकायचा नाद. त्यामुळे त्या वर्षी रविवार कुठे जायचे हे घरच्यांना विचारावं लागत नसे.

किटलीमागचं शास्त्र आधी सांगतो, कारण पुढचा इतिहास त्याच पाण्यात आहे. खुकुरी आज बहुधा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपाट्यापासून करतात. या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. ते ८०० अंशांच्या वर तापवून झटकन थंड केलं की कडक होतं, पण त्याचबरोबर ठिसूळही. अख्खं पातं बुडवलं तर पाठही धारेइतकीच ठिसूळ होणार आणि ओंडक्यावर जोरात घाव बसला की पातं मोडणार. किटलीचं पाणी फक्त धारेला मिळतं. बोटभर जाडीची पाठ लालच राहते. पाणी थांबलं की पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि नुकत्याच कडक झालेल्या धारेचा ठिसूळपणा थोडा उतरवते. एकाच पात्यात धार कडक आणि पाठ चिवट. हेच काम कारखान्यात दोन वेगळ्या भट्ट्यांत, तापमापक लावून करतात. दाजू रंग पाहून करत होते. पाणी केव्हा थांबवायचं हे कसं कळतं, असं मी विचारलं तर म्हणाले, “साब, आवाज बदलतो.”

आपल्याकडचा पाथरवट छिन्नीला पाणी देतो त्याचं तत्त्व हेच आहे. तो फक्त टोक बुडवतो, दगडावर घासून चकचकीत करतो आणि पाठीमागून सरकत येणारे रंग बघत बसतो. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. हवा तो रंग टोकाला पोहोचला की छिन्नी पुन्हा पाण्यात. घरी भट्टी लावणाऱ्यानं पहिली वस्तू छिन्नीच करावी असं माझं मत आहे. हे रंग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातलं निम्मं ज्ञान आपोआप समजतं. माझी भट्टी ट्रकच्या ब्रेक ड्रमची आहे, भाता म्हणून केस वाळवायचं यंत्र, इंधन लाकडी कोळसा, आणि ऐरण म्हणजे ओंडक्यात उभं ठोकलेलं घणाचं डोकं. पातं पुरेसं तापलं की नाही हे पाहायला तारेला बांधलेला चुंबक पुरतो. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला दाद देत नाही, त्याहून थोडं वर गेलं की पाणी द्यावं. एवढ्या सामानात छिन्नी, चिमटा, आकडे, खुरपं आरामात होतं. खुकुरीच्या वाटेला मी गेलेलो नाही. ते काम लहानपणापासून भात्याशी बसलेल्या माणसाचं.

खुकुरीबद्दलच्या दंतकथाही एकदाच्या बाजूला ठेवू. म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत जात नाही, ही त्यातली सर्वांत लोकप्रिय. तसं असतं तर डोंगरातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात रोज रक्तपात झाला असता, कारण खुकुरी तिथे आधी लाकूड तोडायचं, बोकड कापायचं, झाडी साफ करायचं अवजार आहे. मुठीजवळच्या खाचेचे तर जितके सांगणारे तितके अर्थ. गाईचं खूर, शंकराचा त्रिशूळ, रक्त मुठीवर येऊ नये म्हणून केलेली सोय. म्यानात शेजारी दोन छोटी पाती असतात. धारेची ती कर्दा, बोथट ती चकमक, धार लावायला आणि ठिणगी पाडायला. मूठ पुष्कळदा लाखेनं बसवलेली असते. पात्याचं शेपूट तापवून लाख भरलेल्या मुठीत घुसवतात आणि ती आळली की घट्ट बसते.

इंग्रजांना या हत्याराची खरी ओळख पटली ती देहरादूनजवळच. १८१४ मध्ये नालापानीच्या टेकडीवर बलभद्र कुंवरच्या हाताखाली बायकामुलांसह सहाशेच्या आसपास माणसं होती. ३१ ऑक्टोबरला हल्ल्याचं नेतृत्व करताना जनरल गिलेस्पी तिथे पडला. किल्ला सुटला तो नोव्हेंबरच्या शेवटी, पाणी तुटल्यावर, आणि बलभद्र सत्तरेक लोकांसह निसटून गेला. सहस्रधारा रस्त्यावर इंग्रजांनी दोन स्तंभ उभारले, एक आपल्या मेलेल्यांचा आणि एक बलभद्र व त्याच्या गोरख्यांचा. शत्रूचं स्मारक उभारणं ही साधी गोष्ट नव्हे. ती टेकडी मी चढलो आहे. पाणी तुटल्यावर तिथे काय झालं असेल हे कुठल्याही पायदळवाल्याला सांगावं लागत नाही.

युद्ध चालू असतानाच, १८१५ मध्ये, गोरख्यांची भरती सुरू झाली. सबाथूला नसीरी पलटण उभी राहिली, नाहनला सिरमूर बटालियन, आणि सिरमूरवाले पुढे देहरादूनचेच होऊन गेले. १९४७ साली दहा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या, आणि १९४८ मध्ये आपण ११ वी उभी केली. आडव्या खुकुऱ्यांची निशाणी यांतल्या बहुतेकांची. इथवरचा इतिहास मेसच्या भिंतींवर लागलेला आहे. ही खुकुरी घडवणाऱ्याचं नाव त्या भिंतींवर मला कधी दिसलेलं नाही.

खुकुरी घडवतो तो कामी. मराठीत रणात पडलेल्याला ‘कामी आला’ म्हणतात. हा शब्दांचा निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही. डोंगरातल्या गावात कामी वर्षभर नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी करून द्यायचा, दुरुस्त करायचा आणि सुगीला घराघरातून धान्य घ्यायचा. त्याला बाली म्हणतात. बलुतं ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त समजवायला नको. फरक एकच, आणि तो मोठा. आपल्याकडे लोहार बलुतेदारांत होता, पण सहसा शिवाशिवीच्या रेषेच्या आत. नेपाळात कामी रेषेबाहेर.

जंगबहादूर राणा १८५० मध्ये विलायतेला जाऊन आला आणि १८५४ मध्ये त्यानं मुलुकी ऐन लागू केला. देशातल्या सगळ्या जातींची उतरंड त्यात कायद्यानं लिहून काढलेली होती. कामी, दमाई, सार्की सर्वांत खालच्या गटात. या गटाची व्याख्याच पाण्याची आहे. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही आणि ज्यांना शिवल्यावर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावं लागतं, असे लोक. ज्या हातानं पाजलेल्या पाण्यावर खुकुरीची धार उभी राहते, त्या हातचं पाणी पिणं कायद्यानं बंद. खुकुरी मात्र घरात येई, दसैंला पूजेला बसे, टिळा लावून घेई. दोन्ही गोष्टी शंभराहून जास्त वर्षं एकत्र नांदल्या आणि त्यात कुणाला विसंगती दिसली नाही.

इंग्रजांनी ही रेष पुसली नाही, वापरून घेतली. त्यांच्या भरतीच्या पुस्तिकांत मगर, गुरुंग, राई, लिंबू, खस, ठकुरी हे लढणारे. कामी, दमाई, सार्की पलटणीत घ्यायचेच तर लोहार, शिंपी, चांभार म्हणून, मोजके. ज्याच्या हातात हत्यार जन्माला येतं त्याला ते चालवायला लायक न मानणं हे मराठी माणसाला परकं वाटू नये. कोरेगावच्या लढाईत महार सैनिक होते, त्यांची नावं स्तंभावर आहेत, आणि तरी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली गेली. कारण म्हणून तोच लढाऊ जातींचा सिद्धांत. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं, आणि तेही महायुद्धाला माणसं कमी पडत होती म्हणून.

त्याच महायुद्धात गोरख्यांच्या चाळीसहून अधिक पलटणी झाल्या आणि आरनातून एकेक येणारी खुकुरी पुरेना. मग सरकारी नमुना ठरला आणि हिंदुस्थानातल्या कारखान्यांनी, कंत्राटदारांनी त्या गठ्ठ्यानं बनवल्या. जुन्या बाजारात त्या अजून मिळतात. पात्यावर साल आणि बनवणाऱ्या कंपनीची किंवा तपासणीची खूण ठोकलेली असते. संग्राहक ही खूण भिंगातून वाचतात आणि तीवरून किंमत ठरते. गावच्या कामीच्या खुकुरीवर पुष्कळदा काहीच नसतं. मला विचाराल तर हातात घेऊन तोल पाहावा, कागदावरचं वर्णन नंतर. कामीचं पातं घाव घालताना स्वतःच पुढे जातं.

नेपाळात १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनानं जातीची कायदेशीर उतरंड काढून टाकली. २०११ मध्ये शिवाशिवीविरुद्ध वेगळा कायदा आला, तो का लागला हे उघड आहे. अनेक कामी आता विश्वकर्मा हे आडनाव लावतात. बाली मोडत गेली ती मात्र कायद्यानं नव्हे, बाजारातल्या तयार विळ्या-कुऱ्हाडींनी.

देहरादूनच्या दाजूंकडे खुकुरीचं काम दसैंच्या आधीचे दोन महिने. एरवी विळे, कुदळी, गवंड्यांच्या छिन्न्या, धार गेलेले कोयते. मुलगा आयटीआयला वेल्डिंग शिकतो, संध्याकाळी येऊन भाता ओढतो. मी पाहिलं त्या दिवशी खुकुरी एकच होती, विळे अकरा. विळ्यांनाही पाणी किटलीनंच दिलं. डोण त्यांच्याकडे नव्हतीच.