वाळूपिशवीचा टेकू (नेमबाजी)

वाळूपिशवीचा टेकू किंवा सँडबॅग रेस्ट हे रायफल नेमबाजीत वापरले जाणारे आधारसाधन आहे. त्याचा सर्वाधिक वापर बेंचरेस्ट या क्रीडाप्रकारात होतो. या प्रकारात नेमबाज भक्कम मेजाशी बसतो. रायफलीच्या दस्त्याचा पुढचा भाग एका टेकूवर आणि मागचा भाग दुसऱ्या पिशवीवर ठेवून तो गोळ्या झाडतो. पिशवीमुळे रायफल पूर्णपणे स्थिर राहते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गोळी सुटताना रायफल हलतेच. ती प्रत्येक वेळी सारख्याच रीतीने हलावी, हे पिशवीचे मुख्य कार्य होय. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत शस्त्राला असा आधार देण्यास मनाई आहे. तथापि सराव, काडतुसांची पारख आणि रायफलीतील दोष शोधणे यांसाठी त्या प्रकारांतील नेमबाजांनाही त्याचा उपयोग होतो.

इतिहास

मेजावर टेकवून नेमबाजी करण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून आढळते. त्या काळी अतिशय जड नळीच्या रायफली अशा रीतीने चालवल्या जात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या खेळाला पुन्हा चालना मिळाली आणि १९५१ मध्ये अमेरिकेत नॅशनल बेंच रेस्ट शूटर्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुढे लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी विकसित केलेले ६ मि.मी. पीपीसी हे काडतूस कमी पल्ल्याच्या बेंचरेस्ट स्पर्धांत विशेष प्रचलित झाले.

योगायोगाने भारतातील नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संघटनाही १९५१ मध्येच स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने भरणारी मावळणकर नेमबाजी स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची महत्त्वाची पायरी मानली जाते.

स्पर्धेचे स्वरूप

बेंचरेस्ट स्पर्धांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात लक्ष्यावरील वर्तुळांनुसार गुण मिळतात. दुसऱ्या प्रकारात गोळ्या लक्ष्याच्या मध्यभागी लागण्यापेक्षा एकमेकींच्या किती जवळ लागल्या, हे पाहिले जाते. साधारणपणे पाच किंवा दहा गोळ्यांचा एक समूह धरतात. समूहातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर हे त्या समूहाचे माप होय. कमी पल्ल्याच्या स्पर्धा १००, २०० व ३०० यार्डांवर, तर लांब पल्ल्याच्या ६०० व १,००० यार्डांवर होतात. पॉइंट २२ रायफल आणि हवाई रायफल यांच्याही स्वतंत्र बेंचरेस्ट स्पर्धा होतात.

समूहाचे माप काढताना दोन छिद्रांच्या बाहेरील कडांमधील अंतर मोजून त्यातून गोळीचा व्यास वजा करतात. उदाहरणार्थ, पॉइंट २२ रायफलीच्या समूहात बाहेरील कडांमधील अंतर १५.६ मि.मी. आणि गोळीचा व्यास ५.६ मि.मी. असेल, तर समूहाचे माप १० मि.मी. होते. ५० मीटरवर एक कोनीय मिनिट म्हणजे सुमारे १४.५ मि.मी.; त्यामुळे हा समूह सुमारे ०.७ कोनीय मिनिटाचा ठरतो.

रचना

पुढचा टेकू बहुधा तीन पायांच्या जड धातूच्या बैठकीवर बसवलेला असतो. बैठकीची उंची स्क्रूने कमीजास्त करता येते. तिच्या माथ्यावर लहान वाळूपिशवी असते आणि तिचा आकार दस्त्याच्या सपाट तळाला साजेसा असतो. मागच्या पिशवीला सशाच्या कानांसारखे दोन उंचवटे असतात व त्यांच्यामधील खाचेत दस्त्याची मागची कड बसते. पिशव्या चामड्याच्या किंवा जाड नायलॉन कापडाच्या शिवतात. दस्ता सहज सरकावा म्हणून पृष्ठभागावर काही वेळा टाल्कम पावडर लावतात.

कोकण व घाटमाथ्यासारख्या दमट हवामानात चामड्याला बुरशी लागण्याचा संभव असतो. त्यामुळे पावसाळ्यात पिशव्या कोरड्या व हवेशीर जागी ठेवाव्या लागतात.

भरण

पिशवीत भरायची वाळू बारीक, एकसारख्या कणांची आणि पूर्णपणे कोरडी असावी लागते. ओलसर वाळूचे गठ्ठे होतात आणि पिशवी एका जागी टणक, तर दुसऱ्या जागी पोकळ राहते. वाळूत माती असल्यास ती कालांतराने तळाशी बसते व शिवणीतून बाहेर येते. म्हणून वाळू धुऊन, उन्हात वाळवून व चाळून घेतात.

गारगोटीच्या वाळूची घनता सुमारे २.६५ असते. झिरकॉनसारख्या जड खनिजांच्या वाळूची घनता ४.६ च्या आसपास असल्यामुळे तेवढ्याच आकाराची पिशवी अधिक वजनदार होते आणि मेजावर कमी सरकते. दख्खनच्या पठारावरील नद्यांच्या वाळूत बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे, कण मोठ्या प्रमाणात असतात. सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते व माळशिरस हा भाग नीरा आणि भीमा यांच्या खोऱ्यात येतो आणि तेथील वाळूही याच स्वरूपाची आहे. बेसॉल्ट गारगोटीपेक्षा किंचित जड असल्याने अशी वाळू चाळून घेतल्यास पिशवीसाठी चालू शकते. मात्र नदीपात्रातील वाळू गौण खनिजांत मोडते व शासनाच्या परवानगीविना तिचा उपसा करता येत नाही. त्यामुळे लागणारी काही किलो वाळू अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते.

कार्यतत्त्व

काडतूस पेटल्यानंतर गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच रायफल मागे सरकू लागते. हा काळ काही सहस्रांश सेकंदांचा असला, तरी तेवढ्यात नळीची दिशा बदलू शकते. टणक पृष्ठभागावर ठेवलेली रायफल धक्क्याने उसळते. वाळूचे कण मात्र एकमेकांवर किंचित सरकतात, धक्क्याचा काही भाग शोषतात आणि दस्त्याला त्याच्या आकाराप्रमाणे जागा करून देतात. दोन्ही पिशव्या नळीच्या सरळ रेषेत असतील, तर रायफल सरळ मागे येते व पुन्हा पूर्वीच्या जागी ढकलता येते.

आधारातील सूक्ष्म बदलाचा परिणाम लक्ष्यावर अनेक पटींनी वाढतो. दोन टेकूंमध्ये ६० सें.मी. अंतर आहे असे धरल्यास, मागची बाजू केवळ ०.१ मि.मी. खाली गेली तरी ५० मीटरवर नेम सुमारे ८ मि.मी. वर सरकतो. आंतरराष्ट्रीय ५० मीटर रायफल लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी. आहे. यावरून पिशवी नीट बसवण्याचे महत्त्व स्पष्ट होते.

वापराची पद्धत

प्रथम मेज डगमगत नसल्याची खात्री करतात. पुढचा टेकू दस्त्याखाली येतो. नळी पिशवीवर टेकवत नाहीत, कारण त्यामुळे नळीची कंपने बदलतात. मागची पिशवी हाताने थोपटून व दाबून वाळू बसवून घेतात. त्यानंतर रिकामी रायफल पुढेमागे सरकवून दुर्बिणीतून पाहतात. नेमाची खूण डावीउजवीकडे जात असेल, तर पिशव्या एका रेषेत नाहीत असे समजतात.

उंचीचा मोठा बदल पुढच्या बैठकीच्या स्क्रूने आणि सूक्ष्म बदल मागची पिशवी मुठीत दाबून करतात. काही नेमबाज रायफलीला खांदा जवळजवळ न लावता केवळ चाप ओढतात, तर काही हलका पण दर वेळी सारखाच दाब ठेवतात. यांपैकी कोणतीही पद्धत निवडली, तरी एका समूहात ती बदलत नाहीत. पिशवी वाऱ्याचा परिणाम रोखू शकत नाही. त्यामुळे मेज आणि लक्ष्य यांच्यामध्ये वाऱ्याची दिशा दाखवणारी निशाणे लावतात.

नियम

अमेरिकी नियमांनुसार लाइट व्हार्मिंट गटातील रायफलीचे वजन १०.५ पौंडांपेक्षा (सुमारे ४.७६ किलो) आणि हेवी व्हार्मिंट गटात १३.५ पौंडांपेक्षा (सुमारे ६.१२ किलो) अधिक चालत नाही. या गटांत दस्त्याच्या पुढच्या भागाची रुंदी ३ इंचांपर्यंत मर्यादित असते. टेकू रायफलीला जोडता येत नाहीत, तसेच पुढचा व मागचा टेकू एकमेकांना जोडलेले चालत नाहीत. पिशवी बोटाने दाबल्यास दबली पाहिजे, इतकीच घट्ट भरलेली असावी लागते. अमर्यादित गटात मात्र रुळांवर सरकणारी यांत्रिक बैठक चालते.

ऑलिंपिक प्रकारांतील स्थान

बेंचरेस्टचा ऑलिंपिकमध्ये समावेश नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर बसून, पडून व उभे राहून नेम धरावा लागतो. पहिल्या दोन स्थितींत हाताला पट्टा बांधता येतो, परंतु रायफल पिशवीवर टेकवता येत नाही. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली मात्र एक मऊ, नळकांड्याच्या आकाराची गुंडाळी ठेवण्याची मुभा आहे. तिची लांबी जास्तीत जास्त २५ सें.मी. आणि व्यास १८ सें.मी. असतो. ती शरीराला आधार देते, शस्त्राला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक जिंकले होते.

सरावातील उपयोग

पिशवीचा मोठा उपयोग दोषाचे मूळ शोधण्यासाठी होतो. तीच रायफल व तीच काडतुसे वापरून प्रथम पिशवीवरून आणि नंतर पडून नेम धरतात. पिशवीवरचा समूह लहान व पडून काढलेला मोठा आला, तर दोष बहुधा नेमबाजाच्या स्थितीत, श्वासात किंवा चाप ओढण्यात असतो. पिशवीवरही गोळ्या विखुरल्या, तर काडतुसे, दुर्बिणीची पकड, दस्त्याचे स्क्रू किंवा नळी तपासावी लागते.

भारतात ही पारख विशेष महत्त्वाची ठरते. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार काडतुसांच्या खरेदीवर मर्यादा असते. त्यामुळे रायफलीचा दोष स्वतःचा समजून महिनोन्‌महिने स्थिती बदलत राहणे, किंवा स्वतःचा दोष रायफलीवर ढकलून नवी काडतुसे शोधत बसणे, नवोदिताला परवडत नाही. ४.५ मि.मी. व्यासापर्यंतच्या व २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई रायफलीस परवाना लागत नाही. त्यामुळे पिशवीचा वापर शिकण्यास ती सोयीची असते. मुंबईतील वरळी, पुण्यातील बालेवाडी आणि कोल्हापुरातील दुधाळी येथे नेमबाजीची केंद्रे आहेत.

सुरक्षितता

पिशवीवर ठेवलेली रायफलही भरलेली असू शकते, असे गृहीत धरूनच ती हाताळतात. पिशव्या जुळवताना रायफल रिकामी, बोल्ट उघडा आणि नळीचे तोंड लक्ष्याकडे ठेवतात. लक्ष्याजवळ कोणी गेले असेल, तर मेजावरील रायफलीला हात लावत नाहीत. गारगोटीची बारीक धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसाचा विकार होऊ शकतो. त्यामुळे वाळू उघड्यावर आणि नाकातोंडावर मास्क लावून चाळतात व भरतात.

हे सुद्धा पहा

नेमबाजी
गणेश वासुदेव मावळणकर
तेजस्विनी सावंत
स्वप्नील कुसाळे
शिवछत्रपती क्रीडानगरी, बालेवाडी