वशिला

देऊळघाटच्या टपरीवर विडीचं बंडल घेतलं, तर बोटाखाली कॅन्सरचं चित्र येतं. ते एवढं मोठं छापून यायला एक वर्ष उशीर झाला. त्या वर्षाची गोष्ट 'वशिला' या शब्दात आहे.

मूळ अरबी 'वसीला', म्हणजे जवळ नेणारं साधन. उर्दूत तो आजही पवित्र आहे. दुआ मागताना वसीला धरतात. मराठीत 'स'चा 'श' झाला, अल्लाच्या जागी साहेब आला आणि 'वशिल्याचं तट्टू' जन्मलं.

पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्र-इशारा छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५ला लागू व्हायचा होता. नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांच्या संसदीय समितीनं तो लांबवायला सांगितलं. तंबाखूनं कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही, असं ते म्हणाले. समितीत एक विडी-उद्योजक खासदारही होते. मला सर्वांत जास्त टोचतं ते त्यांचं समितीत असणं. अमेरिकेतही सिगारेट कंपन्यांनी १९५४मध्ये स्वतःच्या पैशानं 'संशोधन समिती' काढली होती. वशिला तिथं शास्त्रज्ञाचा कोट घालून आला. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायांची रोजी पुढे केली गेली.

मोठं चित्र अखेर १ एप्रिल २०१६ला आलं. बंडलं त्या वर्षभरही रोज विकली जात होती.